फौजी घरी आल्यावर

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाची ओळखच ‘मिलिटरी अपशिंगे’. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या इथल्या ४६ जवानांचं स्मारक गावानं जपलं आहे. गेलेल्याचा मान राखणं आपल्याला चांगलं जमतं. पण जो धडधाकट परतला, ऐन चाळिशीत पेन्शनवर आला, त्याची रात्र कशी जाते हे कोण विचारतं? त्याला उठवताना बायको अंगाला हात लावत नाही, दारातूनच हाक मारते. वरातीत फटाके लागले की तो मळ्याकडे निघून जातो. ‘फौजी माणूस, तापट असायचाच,’ म्हणून भावकी विषय मिटवते आणि पोरं गप्प राहायला शिकतात. हे मनाला फार लागतं.

मदतीची सोय नाही असं नाही. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी टेलि-मानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा खास कक्ष सुरू झाला. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक तर कुणालाही मोफत, चोवीस तास. पण ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकात गुडघ्याचं दुखणं सांगणारा फौजी झोपेचं सांगत नाही. मग त्याच्या बायकोनं फोन केला तरी चालतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हा क्रमांक कुणीतरी आजच लिहावा.