शाळेंतील नाटक कोणासाठीं ?

कापसाची वेचणी उरकत आली आणि थंडी अंगांत भरूं लागली, कीं आमच्या खानदेशांत स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. जळगांवच्या नामांकित विद्यालयापासून तों धुळ्याकडील दोनशिक्षकी शाळेपर्यंत सर्वत्र मंडप उभे राहतात, पाहुणे येतात, आणि "आमच्या शाळेंत नाट्यकलेस उत्तेजन दिलें जातें" हें वाक्य अहवालांत न चुकतां वाचलें जातें. या वाक्याचाच मला प्रतिवाद करावयाचा आहे. प्राथमिक शाळेंत नाटक असावें, नव्हे तें असलेंच पाहिजे, अशी माझी खात्री आहे. आणि म्हणूनच नाटकाच्या नांवाखालीं आज जें चालतें तें शिक्षण नव्हे, असें म्हणणें मला प्राप्त आहे.

अशा एका समारंभास अध्यक्ष म्हणून बसण्याचा प्रसंग मजवर आला. गांवाचें नांव घेण्याचें कारण नाहीं. शिवकालीन प्रवेश होता. सारीं भाषणें दोन मुलांना दिलेलीं, कारण त्यांच्या घरीं पुस्तकी मराठी बोलली जाते. उरलेलीं पंधरा मुलें पुठ्ठ्याचे भाले घेऊन वीस मिनिटें भिंतीसारखीं उभीं होतीं. समारंभ आटोपल्यावर मंडपामागें हंशा ऐकूं आला म्हणून डोकावलों, तों त्या भालाइतांपैकींच एक मुलगा अध्यक्षांचें, म्हणजे माझेंच, भाषण करून दाखवीत होता. माझा खोकला, माझा चष्मा आणि माझा उपदेश त्यानें अस्सल अहिराणींत असा उतरविला होता कीं मलाही हंसूं आवरेना. तेवढ्यांत गुरुजी आले व त्याचा कान त्यांच्या हातांत गेला. त्या सबंध दिवसांतील एकच खरें नाटक मंडपामागें झालें, आणि नटाला त्याचें हें पारितोषिक मिळालें!

"याला प्रवेशांत भाषण कां दिलें नाहीं?" असें मीं विचारलें. उत्तर मिळालें, "त्याची भाषा अशुद्ध आहे."

वाचकांनीं या उत्तराचा क्षणभर विचार करावा. जळगांवजवळच्या आसोद्यांत जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींनीं याच मातींतल्या बोलींत ओव्या रचल्या. त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं त्या पुस्तकरूपानें निघाल्या आणि सारा महाराष्ट्र थक्क झाला. आज आमच्या विद्यापीठालाही त्यांचें नांव आहे. विद्यापीठाच्या कमानीवर जी बोली गौरवाची, ती चौथीच्या वर्गांत कान पिळण्यास पात्र कशी होते? घरीं 'आंडोर' म्हणवून घेणारें मूल शाळेच्या उंबरठ्यावर मुकें होतें आणि आम्ही त्याला मंद ठरवितों.

नाटकाचा उपयोग नेमका येथें आहे. इंग्लंडांत काल्डवेल कुक यांनीं 'प्ले वे' हें पुस्तक १९१७ सालीं लिहून, मुलें करून शिकतात, हें आपल्या केंब्रिजमधील वर्गाच्या आधारें मांडलें. पण तेवढ्या दूर जाण्याचें कारण नाहीं. भावनगरास १९२० सालीं बालमंदिर काढणाऱ्या गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकांतील शिक्षक गोष्ट सांगतो व मुलें ती करून दाखवितात. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक पुढें बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणांत शाळा घेऊन गेल्या. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, हें त्यांचें सूत्र भाषेलाही लागू आहे.

वर्गांतील नाटकाला मंडप नको, पडदा नको, पाहुणे तर नकोतच. एक मुलगा शेतकरी, दुसरा व्यापारी, तिसरा मापाडी. कापूस किती क्विंटल, भाव काय, कडता किती कापला, हातीं काय आलें? बापाबरोबर बाजारांत गेलेल्या मुलाला हें सारें ठाऊक असतें. तें तो प्रथम आपल्या बोलींत करील. मग गुरुजींनीं म्हणावें, "आतां व्यापारी पुण्याचा आला आहे, त्याच्याशीं कसें बोलशील?" तोच प्रवेश पुन्हां होईल, या वेळीं प्रमाण मराठींत. प्रमाण भाषा ही अशी एक भूमिका म्हणून मुलाच्या अंगावर चढली, तर आपली बोली टाकून न देतां तो ती सहज वागवील.

आक्षेप ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, अभ्यासक्रम मागें पडेल. वरच्या प्रवेशांत गणित आहे, भाषा आहे, व्यवहार आहे; मागें पडलें तें काय? कोणी म्हणेल, साठ मुलांस दोनच शिक्षक. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेंच हें प्रमाण घालून दिलें आहे आणि शिक्षकांवरील ओझें मी नाकारीत नाहीं. परंतु चार वर्ग एका खोलींत बसतात तेथें मोठ्यांनीं व लहानांनीं मिळून करावयाचें असें नाटकाइतकें सोपें काम दुसरें कोणतें? पाठांतराचा आणि वेषभूषेचा जाच आहे तो संमेलनाच्या नाटकांत. कोणी अभिमानानें सांगेल, बालगंधर्वांनीं लहानपणीं जळगांवांत गाण्याचे धडे घेतले. घेतले खरे, पण शाळेनें बालगंधर्व घडवावयाचे नाहींत. मागच्या बांकावरचें मूल बोलतें झालें कीं तिचें काम झालें.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें शक्य तेथें किमान पांचवीपर्यंत घरची भाषा हें माध्यम असावें असें म्हटलें आहे. तें कागदावरून वर्गांत आणण्यास आठवड्याची एक तासिका पुरे. त्या तासिकेंत बक्षीस नसावें, निवड नसावी, आणि बोलीबद्दल कोणाचा कान पिळला जाऊं नये. संमेलनें खुशाल व्हावींत. परंतु ज्या शाळेंत ही तासिका नाहीं, तिनें आपल्या अहवालांतून 'नाट्यकलेस उत्तेजन' हे शब्द तेवढे काढून टाकावेत.

त्या मुलानें माझी नक्कल जेथें तुटली तेथून पुढें वर्गांत पुरी करावी, आणि गुरुजींनीं ती पुढच्या बांकावर बसून पाहावी, एवढीच माझी मागणी आहे.