देशानं जमीन दिली, माणसांना विचारलं का?



बैठकीत आपले म्हातारे नेहमी म्हणतात, सरकार जमीन घेतं, सोडत नाही. आपल्या अनुभवापुरतं ते खरंच आहे. पण जगात असंही झालंय की एका देशानं आपली जमीन दुसऱ्या देशाला देऊन टाकली. लढाई हरला नव्हता, कुणी बंदूक रोखली नव्हती. कागद केला, सह्या केल्या आणि सीमा सरकवली. ऐकून पहिल्यांदा आम्हालाही खोटं वाटलं होतं. म्हणून या वेळचं संपादकीय त्यावर.

पहिली गोष्ट सोपी आहे. बेल्जियम आणि हॉलंड हे युरोपातले दोन शेजारी देश. मधून मास नदी वाहते, तीच सीमा. बोटी नीट जाव्यात म्हणून नदीची वळणं कापून ती सरळ केली. नदी सरकली, पण कागदावरची सीमा जुन्या वळणावरच राहिली. त्यामुळं बेल्जियमची थोडी जमीन नदीच्या पलीकडे, हॉलंडच्या बाजूला अडकली. तिथं वस्ती नाही, नुसती झाडी. पुढं त्या झाडीत मुंडकं नसलेलं एक प्रेत सापडलं. हॉलंडचे पोलीस म्हणाले, हद्द आमची नाही. बेल्जियमच्या पोलिसांना दुसऱ्या देशातून गेल्याशिवाय जमिनीवरून पोचता येईना, त्यांना होडी करून जावं लागलं. मग दोन्ही देश बसले, २०१६ साली करार केला. बेल्जियमनं सुमारे १६ हेक्टर दिली, हॉलंडनं सुमारे ३ हेक्टर दिली. १ जानेवारी २०१८ पासून सीमा बदलली. भांडण नाही, तंटा नाही. माणसं राहतच नव्हती, मग विचारायचं कुणाला?

खरा प्रश्न येतो तो जमिनीवर माणसं असतात तेव्हा. त्यासाठी युरोपात जायला नको, आपल्याच देशात या. पश्चिम बंगालमधला कूचबिहार जिल्हा आणि त्याला लागून बांगलादेशचा रंगपूरचा भाग. तिथं भारताच्या जमिनीचे १११ तुकडे बांगलादेशच्या पोटात होते आणि बांगलादेशचे ५१ तुकडे भारताच्या पोटात. चारी बाजूंनी परका देश, मधे एक गाव किंवा नुसतं शेत. तिकडं त्याला छिटमहल म्हणतात. दहाला खागराबाडी नावाचा एक तुकडा तर असा, की तो भारताचा, त्याच्याभोवती बांगलादेश, त्याच्याभोवती पुन्हा भारत आणि त्याच्याभोवती पुन्हा बांगलादेश. जमीन किती? दोन एकरही नाही.

हे झालं कसं? लोक सांगतात की कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा नवाब बुद्धिबळ खेळायचे आणि पैजेला गावं लावायचे. ती गोष्टच. खरं कारण १७१३ चा तह. मोगल आणि कूचबिहार यांची लढाई थांबली तेव्हा ज्याच्या माणसांच्या ताब्यात जे गाव होतं ते त्याच्याकडं राहिलं. तेव्हा काही बिघडलं नाही, रयत इकडून तिकडं जात होती. १९४७ ला फाळणी झाली, रंगपूर पाकिस्तानात गेलं. कूचबिहार १९४९ ला भारतात आलं आणि राजाच्या वहीतली गावं एका रात्रीत परदेश होऊन बसली.

फाळणीपासून ६८ वर्षं तिथली माणसं कुणाचीच नव्हती. गावाच्या बाजूनं विजेच्या तारा जायच्या, पण घरात दिवा नाही. शाळा नाही, दवाखाना नाही, मतदान नाही. चोरी झाली, खून झाला तरी पोलीस येणार नाहीत, हद्द त्यांची नाही. पोराला शाळेत घालायचं तर शेजारच्या गावातल्या माणसाला बाप म्हणून लिहायचं. बाळंतपणाला बाई दवाखान्यात न्यायची तर नवराही दुसऱ्याचाच सांगायचा. कागदासाठी बाप बदलावा लागतो, याहून मोठा अपमान कोणता? रहिवासी दाखल्यासाठी वर्षवर्ष हेलपाटे मारणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे तुकडे अदलाबदल करून मिटवायचे, असं १९७४ ला इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी ठरवलं. बांगलादेशनं त्याच वर्षी मंजुरी दिली. भारताला ४१ वर्षं लागली. मे २०१५ मध्ये संसदेनं राज्यघटनेत शंभरावी दुरुस्ती केली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री जमीन हातची गेली, हाती आली. भारतानं १७,१६० एकर दिली, त्याच्या बदल्यात ७,११० एकर घेतली. म्हणजे भारतानं दहा हजार एकर जास्त सोडली, आणि सगळ्या पक्षांनी मत देऊन सोडली. त्या रात्री मशालडांगा गावात ६८ वर्षांच्या अंधाराचे ६८ दिवे लावले.

घटना दुरुस्त का करावी लागली, हे आपल्या कामाचं आहे. १९५८ ला नेहरूंनी जलपायगुडी जिल्ह्यातल्या बेरुबाडीचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचं कबूल केलं होतं. तिथल्या लोकांनी ओरड केली. प्रकरण सुप्रीम कोर्टासमोर आलं. १९६० ला कोर्टानं सांगितलं की देशाची जमीन परक्या देशाला द्यायची तर सरकारची सही पुरत नाही, साधा कायदाही पुरत नाही, घटनाच बदलली पाहिजे. घटना दुरुस्ती झालीही, पण बेरुबाडी शेवटी गेली नाही, १९७४ च्या करारात ती भारताकडंच राहिली. दिल्लीत ठरलेली गोष्ट गावाच्या ओरडीनं अडते, ती अशी.

अडत नाही तेव्हा काय होतं तेही सांगतो. त्याच १९७४ साली रामेश्वरमजवळचं कच्चतीवू बेट, सुमारे २८५ एकर, श्रीलंकेकडं गेलं. सरकारनं म्हटलं, बेटाची मालकी वादातलीच होती, आम्ही आपलं काही दिलेलं नाही. त्यामुळं घटना दुरुस्ती झाली नाही. तिथं जाळी वाळवणाऱ्या कोळ्यांना कुणी विचारलं नाही. १९७६ ला आणखी कागद झाले आणि पलीकडच्या पाण्यात मासे धरायचा हक्कही गेला. आजही रामेश्वरमचे कोळी पकडले जातात, होड्या जप्त होतात.

छिटमहलात मात्र माणसांना विचारलं, हे आम्हाला मोठं वाटतं. २०११ ला दोन्ही देशांनी मिळून डोकी मोजली, ५१,५४९ भरली. जुलै २०१५ मध्ये दोन्हीकडचे अधिकारी दारोदार गेले आणि विचारलं : कुठल्या देशाचे होता? भारताच्या पोटातल्या चौदा हजारांहून जास्त लोकांपैकी एकानंही बांगलादेशात जायचं म्हटलं नाही. पलीकडच्या सदतीस हजारांतून हजाराला थोडे कमी भारतात आले. बाकीचे जिथं नांगर होता तिथंच राहिले. देश बदलला तर चालेल, शेत सोडायचं नाही. आपण त्यांच्या जागी असतो तर वेगळं काय केलं असतं?

पण यादीत नाव नाही त्याला निवड नाही, असाच तिथला नियम. २०११ ला कामासाठी परगावी गेलेला माणूस मोजणीत राहिला तर राहिलाच. गावात मोजणीवाला येतो तेव्हा घरी कोण आहे आणि कोण ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलंय, हे सांगायची जबाबदारी गावाचीच, असं आम्ही प्रत्येक बैठकीत का म्हणतो ते यावरून समजून घ्या.

आणि जे भारतात आले त्यांचं? दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबाडी इथं पत्र्याच्या खोल्यांच्या छावण्या केल्या, तिथं त्यांनी वर्षं काढली. घरदार उचलून आणता येतं, जमीन आणता येत नाही. जे जागेवरच भारतीय झाले त्यांना मतदान मिळालं, २०१६ ला शंभरी ओलांडलेल्या एका आजोबांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं. पण कसत असलेल्या जमिनीचा कागद? त्यासाठी पश्चिम बंगालच्या विधानसभेत कायदा दुरुस्त व्हायला नोव्हेंबर २०१८ उजाडलं. देश एका रात्रीत मिळाला, सातबाऱ्यासारखा कागद मिळवायचा रस्ता तीन वर्षांनी खुला झाला.

आता शेवटची गोष्ट, नॉर्वेची. फिनलंड स्वतंत्र झाल्याला डिसेंबर २०१७ मध्ये शंभर वर्षं होणार होती. हाल्ती नावाच्या डोंगराचा उतार फिनलंडमध्ये आणि माथा नॉर्वेत. नॉर्वेतल्या काही लोकांच्या मनात आलं, सीमा जराशी सरकवून डोंगराचं एक टोक शेजाऱ्याला भेट देऊ. जमीन चार एकरांच्या आतबाहेर. दोन्ही देशांत लोक खूश झाले. पण नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये नाही म्हटलं, आमच्या घटनेत राज्य तोडून देता येत नाही. वर्तमानपत्रांनी तेवढंच मोठं करून छापलं.

त्यात एक बारीक बातमी होती. सामी नावाचे तिथले आदिवासी, रेनडिअर पाळणारे, ते म्हणाले की हा डोंगर नॉर्वेचाही नाही आणि फिनलंडचाही नाही, आमची जनावरं दोन्हीकडं मोकळी फिरली पाहिजेत. ही सीमा १७५१ ला आखली, तेव्हा करारालाच एक पुरवणी जोडून सामींना कळप घेऊन सीमेच्या आरपार जायचा हक्क लिहून दिला होता. १८५२ ला फिनलंड रशियाच्या झारकडं होतं. त्या वर्षी नॉर्वे आणि फिनलंडमधली ती वाट कळपांना बंद झाली. हिवाळ्याची कुरणं पलीकडं राहिली आणि कळप अलीकडं.