बेटावर गाडी थांबत नाही

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

नायगावहून भाईंदरला जाताना खाडीत पाणजू बेट लागतं. गाडी रोज धडधडत पुढे जाते, थांबत नाही. बेटावर जायचं तर होडी. आपल्या सिलॅबसचंही असंच आहे, असे माझे मत झाले आहे.

सेमीकंडक्टरवर धातूचा अगदी पातळ थर दिला, की तो बऱ्याचदा सलग पसरत नाही. तेलकट तव्यावर पाण्याचे थेंब व्हावेत, तशी त्याची बारीक बेटं होतात. धातूच्या मोठ्या तुकड्यात एक इलेक्ट्रॉन जास्त आला तर कोणाला पत्ताही लागत नाही. पण 10 नॅनोमीटर व्यासाचा गोळा हवेत एकटा धरला, तर त्यावर एक इलेक्ट्रॉन चढवायला सुमारे 0.14 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. खोलीतली उष्णता देते जेमतेम 0.025. म्हणजे एक आत बसला की दुसऱ्याला दार बंद! विरार लोकलच्या अगदी उलट. याला कूलॉम ब्लॉकेड म्हणतात. सेमीकंडक्टरवर ठेवल्यावर हा आकडा कमी होतो. शिवाय बेट फारच लहान असेल, तर शॉटकी डायोडची पुस्तकातली आकृती जशीच्या तशी लागू पडत नाही.

व्हायव्हाला यातलं काही आलं नाही. आलं ते, "ओह्मिक आणि शॉटकीमधले चार फरक सांगा." मी पाच सांगितले. मार्क मिळाले, समजलं काहीच नव्हतं.

अशी बेटं दाखवणारा टनेलिंग मायक्रोस्कोप बिनिग आणि रोरर यांनी 1981 मध्ये बनवला. 1986 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पवईच्या आयआयटीत 2006 साली नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र सुरू झालं. बाहेरच्या कॉलेजांनाही तिथे काम करता यावं म्हणून सरकारी उपक्रम निघाला. अंधेरीला उतरून बस धरली की पवई. आपल्यातले किती जण गेले?

कोणी म्हणेल, "प्लेसमेंटला याचा उपयोग काय?" कदाचित काहीच नाही. पण चार वर्षांत एकदाही 'का' विचारलं नाही, तर त्या डिग्रीचा तरी काय उपयोग? आणि सगळ्यालाच लॅब लागते असंही नाही. वरचा हिशोब मी मेसच्या टेबलावर, साध्या कॅल्क्युलेटरवर केला.

सरांना एवढीच विनंती : सीनियरची फाईल उतरवायचं एक प्रॅक्टिकल कमी करा, त्या दिवशी आम्हाला पवईला न्या. आणि मित्रांनो, गाडी थांबणार नसेल तर आपण होडी काढू. येताय ना?