रॉयल्टी-फ्री चित्र म्हणजे फुकटचं चित्र का? (चिकू, वारली आणि आपल्या मुलांचे चेहरे)



दहावीच्या मराठीत आपण उपयोजित लेखनात जाहिरात लेखन शिकवतो. आकर्षक शब्द, मोजका मजकूर, संपर्काचा पत्ता, सवलत हे सगळं मुलं छान लिहितात. परीक्षेत भर शब्दांवरच असतो, म्हणून चित्राबद्दल आपण फारसं बोलत नाही. पण हीच मुलं शाळा सोडून धंद्याला लागली की पहिली अडचण चित्राचीच येते. चारोटी नाक्यावरचं हॉटेल असो, डहाणूकडची चिकूची वाडी असो, घरगुती लोणची-पापड असोत, नाहीतर खाजगी क्लास असो, आता प्रत्येकाला धंद्याची माहिती देणारा ब्लॉग किंवा पान हवं असतं. चार ओळी लिहून होतात. मग फोटो कुठून आणायचा? उत्तर ठरलेलं असतं: "नेटवरून घे ना, रॉयल्टी-फ्री असतात!"

माझं म्हणणं आधीच सांगतो. रॉयल्टी-फ्री चित्र वापरण्यात गैर काही नाही. गूगलवर दिसेल तो फोटो उचलण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण ज्या वस्तूवर, ज्या जागेवर किंवा ज्या माणसांच्या नावावर आपला धंदा चालतो, त्यांचं चित्र आपलंच असलं पाहिजे. आणि हे शिकवण्याची जागा शाळा आहे.

आधी शब्दाचा अर्थ

रॉयल्टी म्हणजे निर्मात्याला दर वापरामागे मिळणारं मानधन. रॉयल्टी-फ्री म्हणजे ते दर वेळी द्यावं लागत नाही, एवढंच. अनेक ठिकाणी एकदा पैसे भरून परवाना घ्यावा लागतो आणि मग ठरलेल्या अटींत ते चित्र पुन्हा पुन्हा वापरता येतं. म्हणजे "फ्री" हा शब्द रॉयल्टीपुरता आहे, किमतीपुरता नाही आणि मालकीपुरता तर नाहीच. चित्राचा मालक चित्रकार किंवा छायाचित्रकारच राहतो.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे अशा संकेतस्थळांवर पैसे न भरताही चित्रं मिळतात आणि ती धंद्यासाठी वापरता येतात. पण त्यांच्याही अटी आहेत. काही साठ्यांत "फक्त संपादकीय वापरासाठी" असा शेरा असतो. असं चित्र बातमीला चालतं, जाहिरातीला चालत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांत "बीवाय" असेल तर निर्मात्याचं नाव द्यावंच लागतं. "एनसी" असेल तर व्यापारी वापर बंद, म्हणजे फी घेऊन क्लास चालवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊच नये. "एनडी" असेल तर चित्रात बदल करून ते पुढे पसरवता येत नाही. "सीसी झिरो" असेल तर निर्मात्याने आपले हक्क सोडून दिलेले असतात. विकिमीडिया कॉमन्सवरची बरीचशी चित्रं धंद्यालाही चालतात, पण बहुतेकांना नाव द्यावं लागतं.

आता आपल्यापैकी काहीजण म्हणतील, "आम्ही शिक्षक आहोत, आम्हाला सगळं माफ." तसं नाही बरं का! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात सवलत आहे. वर्गात चित्र दाखवलं, प्रश्नपत्रिकेत छापलं, तर त्या सवलतीचा आधार मिळतो. पण तेच चित्र क्लासच्या जाहिरातीत टाकलं की तो धंदा झाला. "शैक्षणिक हेतूने" असं खाली लिहिल्याने तो शैक्षणिक होत नाही. फोटोवरचा कॉपीराइट आपल्याकडे साधारणपणे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. वॉटरमार्क पुसून टाकला म्हणून तो पुसला जात नाही.

चिकूची गोष्ट

डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालेलं आहे. याचा अर्थ काय? या फळाची ओळख या मातीशी आणि या हवेशी जोडलेली आहे, हे सरकारदरबारी मान्य झालं. आता समजा, एखाद्या माजी विद्यार्थ्याने चिकूच्या चिप्स विकायला सुरुवात केली आणि ब्लॉगसाठी तयार फोटो शोधला. चिकूला इंग्रजीत सॅपोडिला म्हणतात, सपोटाही म्हणतात. पण "सपोटे" या नावाने ओळखली जाणारी फळं अनेक आहेत. एक आतून काळं असतं, एक पांढरं, एक लालसर केशरी. घाईत भलतंच फळ उचललं जायला वेळ लागत नाही. वसईचा किंवा गुजरातचा ग्राहक ते बघतो आणि मनात म्हणतो, याला आपला चिकू तरी ओळखता येतो का?

फळ बरोबर निघालं तरी प्रश्न उरतोच. तोच फोटो दुसऱ्या राज्यातल्या दहा विक्रेत्यांनीही लावलेला असतो. मग "आमच्या वाडीतला कालीपत्ती चिकू" या वाक्याला अर्थ काय राहिला? जीआयने ओळख मिळवून दिली आणि आपण फोटोतून ती पुसून टाकली. झाडावरचा चिकू, टोपलीतला चिकू, वाळवणावर पसरलेल्या चकत्या यांचा फोटो साध्या मोबाईलवर, सकाळच्या उन्हात छान येतो. त्याला ना परवाना लागतो, ना पैसे.

जागेचंही तसंच. चारोटीजवळ राहण्याची सोय करणाऱ्याने चैत्रातल्या महालक्ष्मीच्या यात्रेवर लेख लिहिला आणि नुसतं "महालक्ष्मी मंदिर" असं शोधलं, तर मुंबईचं किंवा कोल्हापूरचं देऊळ पुढे येण्याचीच शक्यता जास्त. परवाना अगदी बरोबर असेल, पण देवी दुसरी! यात्रेला येणाऱ्या माणसाची ही फसवणूकच आहे, भले ती न ठरवता झालेली असो.

वारलीचं काय?

सगळ्यात नाजूक जागा ही आहे. कोणत्याही मोठ्या चित्रसाठ्यात "वारली" असं शोधा, तयार नक्षींचा ढीग मिळतो. दोन त्रिकोण जोडून माणूस, वर गोल डोकं, काडीसारखे हातपाय, झाली वारली! कपड्यावर छापा, हॉटेलच्या भिंतीवर लावा, ब्लॉगच्या माथ्यावर टाका.

पण ही चित्रं आली कुठून? लग्नघरात सवाशिणींनी लिहिलेल्या चौकातून. गेरू किंवा शेणा-मातीने सारवलेली भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मध्ये पालघट देवी. गेल्या शतकात सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रं बाहेरच्या जगापुढे नेण्यात मोठा वाटा उचलला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. वारली चित्रकलेलाही जीआय आहे. त्यांच्या मागची पिढी आजही आपल्याच तालुक्यांत चित्रं काढते. त्यांची मुलं आपल्याच शाळांत शिकतात.

कायद्याचं सांगायचं तर, एखाद्या चित्रकाराच्या विशिष्ट चित्रावर कॉपीराइट असतो, शैलीवर नसतो. त्यामुळे दूरदेशी बसलेल्या माणसाने त्रिकोणी माणसं काढून ती रॉयल्टी-फ्री म्हणून विकली, तर कॉपीराइटच्या कलमाने त्याला धरता येणं कठीण. पण कायद्याने चालतं म्हणजे आपल्याला शोभतं असं नाही. चारोटीच्या हॉटेलवाल्याने भिंतीसाठी आणि ब्लॉगसाठी परदेशी साठ्यातली नक्षी विकत घ्यावी आणि गंजाडच्या चित्रकाराला विचारूही नये, हे काखेत कळसा नि गावाला वळसा घालण्यासारखं आहे.

आणि वळशात अर्थही हरवतो. तारपा नाचात तारपा वाजवणारा मधोमध असतो आणि नाचणाऱ्यांची फेरी त्याच्याभोवती फिरते. तयार नक्षीत पुष्कळदा तारपाच नसतो. उरतात नुसती हात धरलेली माणसं. ज्या मुलाने घरच्या अंगणात तारपा ऐकला आहे, त्याने आपल्याच गावातल्या पाटीवर हे अर्धवट चित्र बघावं आणि तेच खरं समजावं? मला हे पटत नाही.

मार्ग सोपा आहे. चित्रकाराकडे जा, चित्र काढून घ्या, ठरलेले पैसे द्या आणि एका कागदावर लिहून घ्या: हे चित्र कुठे कुठे वापरणार, किती वर्षं वापरणार, कपड्यांवर छापणार की फक्त ब्लॉगवर लावणार, खाली नाव कसं देणार. हाच कागद म्हणजे परवाना. फरक एवढाच की पैसे आपल्या तालुक्यात राहतात आणि खाली नाव असतं.

चेहऱ्यांचा प्रश्न

पालकांनी हा भाग नीट वाचावा. चित्राचा परवाना छायाचित्रकार देतो. पण फोटोतल्या माणसाचं काय? त्याची संमती ही वेगळी गोष्ट आहे. मोफत साठ्यांतल्या प्रत्येक फोटोमागे ती लेखी संमती असेलच, असं धरून चालता येत नाही. आपल्या भागात फिरायला आलेला पाहुणा पाड्यावरच्या मुलीचा हसरा फोटो काढतो आणि घरी जाऊन "आदिवासी मुलगी, भारत" म्हणून साठ्यावर टाकतो, असं झालं तर? उद्या तो चेहरा कुणाच्याही धंद्याच्या पानावर झळकू शकतो. तिला आणि तिच्या आईवडिलांना पत्ताही नसेल. हे आपल्या मुलीच्या बाबतीत आपल्याला चालेल का? मग दुसऱ्याच्या लेकराचा चेहरा उचलताना हाच प्रश्न विचारायला हवा.

क्लासच्या जाहिरातींत तर हे सर्रास दिसतं. तयार साठ्यातली हसरी मुलं, हातात गुणपत्रिका आणि वर मथळा: "आमचे यशस्वी विद्यार्थी". ती मुलं त्या क्लासची पायरीही चढलेली नसतात! फोटोतली व्यक्ती आपल्या वस्तूची शिफारस करते असं भासवू नका, ही अट मोफत साठ्यांच्या नियमांतही असते. आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांचे खरे फोटो लावायचे असतील तर पालकांची लेखी संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केलेली आहे.

"पण वेळ आणि पैसा कुठून आणायचा?"

हा आक्षेप खरा आहे. छोट्या धंदेवाल्याला फोटोग्राफर परवडत नाही आणि रोज फोटो काढत बसायला सवडही नसते. म्हणूनच मी तयार चित्रं पूर्ण बंद करा असं म्हणत नाही. पावसाचे ढग, चहाचा कप, वही-पेन, तराजू, नकाशाची पार्श्वभूमी अशी सर्वसाधारण चित्रं खुशाल साठ्यातून घ्या. तिथे कुणाची फसवणूक होत नाही. पण जे विकतो ते, जिथे बोलावतो ती जागा आणि ज्यांच्या नावावर बोलतो ती माणसं, एवढं मात्र खरं दाखवा. आठवड्यातून एक सकाळ काढली तर महिन्याभराचे फोटो होतात.

वर्गात काय करता येईल?

जाहिरात लेखनाच्या तासाला मुलांना एक चित्र निवडायला सांगा आणि खाली चार ओळी लिहायला लावा:

१. हे चित्र कोणी काढलं?
२. ते कुठून घेतलं? ("गूगल" हे उत्तर चालणार नाही. गूगल फक्त शोधून देतं, चित्र त्याचं नसतं.)
३. परवाना कोणता आणि अट काय? (परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवायचा.)
४. चित्रात जे दिसतं, तेच आपण विकतो आहोत का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कायद्यासाठी, चौथं प्रामाणिकपणासाठी. यातला चौथा प्रश्न मुलांना सगळ्यात लवकर कळतो, कारण बाजारात वरचे चिकू चांगले आणि खालचे कच्चे निघाले की काय वाटतं ते त्यांना माहीत असतं.

बारावीच्या मराठीत माहितीपत्रक हा घटक आहे. तिथे तर गावातल्या एखाद्या खऱ्या धंद्याचं माहितीपत्रक करता येईल. मुलांनी वाडीत जावं, चित्रकाराच्या घरी जावं, परवानगी मागावी, फोटो काढावा, नाव विचारून खाली लिहावं. परवानगी कशी मागायची, "नाही" म्हटलं तर ते कसं ऐकायचं, हे शिकणंही भाषेचंच शिक्षण आहे.

या सत्रात जाहिरात लेखन घेताना आपापल्या शाळेत एवढं करून बघा. आणि पालकहो, घरच्या धंद्याच्या पानावर आज कोणाचे फोटो आहेत, ते मुलांना सोबत घेऊन एकदा तपासा. जे आपले नाहीत आणि ज्यांचा परवाना सापडत नाही, ते काढून टाका. त्यांच्या जागी वाडीतल्या स्वतःच्या झाडाचा फोटो लावा.