कारखान्याच्या दाराबाहेरची पोकळी

नक्षलवाद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गडचिरोलीचे अरण्य उभे राहते. ऑक्टोबर 2025 मध्ये तेथेच माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. सशस्त्र चळवळीला बसलेला हा मोठा धक्का होय. मात्र छोटे जहाल गट माणसे कशी जोडतात, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण व तळेगाव या औद्योगिक पट्ट्यालाही तो परका नाही.

2004 मध्ये स्थापन झालेल्या आणि 2009 मध्ये केंद्र सरकारने बंदी घातलेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या (माओवादी) शहरी कार्यविषयक दस्तऐवजात संघटनांचे तीन प्रकार सांगितले आहेत : गुप्त, उघड व अर्ध-उघड क्रांतिकारी, आणि पूर्णतः कायदेशीर. पुणे-मुंबई-अहमदाबाद पट्ट्यासाठी पक्षाने ‘गोल्डन कॉरिडॉर कमिटी’ नेमली होती, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. मे 2015 मध्ये दहशतवादविरोधी पथकाने के. मुरलीधरन यांना तळेगाव दाभाडे येथे अटक केली; 2019 मध्ये ते जामिनावर सुटले.

अशा गटांची कार्यपद्धती बहुधा सारखीच असते. सुरुवात विचारसरणीने होत नाही, ती गाऱ्हाण्याने होते. कुणाचा पगार अडकलेला असतो, कुणाला ठेकेदाराने काढलेले असते. गटाचा कार्यकर्ता त्याच्यासोबत कामगार कार्यालयात जातो, अर्ज लिहून देतो. पुढे अभ्यासवर्ग, गाणी, पथनाट्ये येतात. एकट्या पडलेल्या तरुणाला तेथे मैत्री लाभते. त्यांतील मोजक्यांची पारख करून त्यांना आतल्या वर्तुळात घेतले जाते. मोठ्या संघटनांवरील प्रभावही असाच मिळतो. सभेचे इतिवृत्त लिहिणे, पत्रके छापणे, रात्री उशिरापर्यंत थांबणे ही कंटाळवाणी कामे जो करतो, त्याच्या हाती हळूहळू सूत्रे येतात. संख्या अल्प असली तरी चिकाटी मोठी असते.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. अर्ज लिहून देणे, अभ्यासवर्ग भरविणे, संपावर जाणे हा गुन्हा नव्हे. सदस्यांपासून खरा हेतू लपविला जातो आणि हिंसा हे साधन म्हणून स्वीकारले जाते, तेव्हा सीमा ओलांडली जाते. पुण्यातील ‘कबीर कला मंच’च्या काही सदस्यांना जामीन देताना मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केले की, बंदी घातलेल्या संघटनेचे केवळ निष्क्रिय सदस्यत्व किंवा समाजातील अन्यायावर बोट ठेवणे हा अपराध ठरत नाही. मंचाच्या आणखी तिघांना सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये जामीन दिला. हा भेद पुसला गेला की काय होते, हे आपण येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांच्या बाबतीत पाहिले. पुण्यात नोंदल्या गेलेल्या भीमा-कोरेगाव खटल्यात ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले होते. 5 जुलै 2021 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच त्यांचे कोठडीत निधन झाले. जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकाच्या संदर्भातही हाच भेद कसोटीचा ठरेल.

या पट्ट्यात माओवाद्यांचा कारखान्यांमध्ये जम बसल्याचे दिसून आलेले नाही. त्याचे एक कारण म्हणजे येथील उघड, नोंदणीकृत कामगार संघटनांची परंपरा. बजाजच्या चाकण प्रकल्पातील 2013 चा संप सुमारे 50 दिवस चालला आणि मागण्या पूर्ण न होताच मागे घेतला गेला; तरीही तो लढा उघड्यावर झाला. परंतु अशा संघटना मुख्यतः कायम कामगारांच्या असतात. कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी, मराठवाडा-विदर्भातून किंवा बिहार-ओडिशातून आलेला, महाळुंगे-निघोजे परिसरातील खोलीत चार-पाच जणांसह राहणारा तरुण त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. ठेकेदार बदलला की त्याची नोकरी जाते. तक्रार कोठे करावी हे त्याला ठाऊक नसते. पोकळी आहे ती येथे.

ही पोकळी केवळ पोलीस बंदोबस्ताने भरून निघणार नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात वर्गसंघर्षाचा मार्ग नाकारला. त्याच परिपत्रकात न्याय्य वेतनाचा आणि कामगारांच्या संघटनेचा हक्कही ठामपणे मांडला. या दोन्ही गोष्टी एकत्रच वाचावयाच्या आहेत. आपल्या धर्मग्रामांत कंपन्यांतील अधिकारी आहेत, कायम कामगार आहेत, वकील आहेत, निवृत्त कर्मचारी आहेत. भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज भरून देणे, राज्य कामगार विम्याचे कार्ड मिळवून देणे, वेतनचिठ्ठी वाचून दाखविणे हे त्यांना सहज करता येईल. अधिकारी बंधू-भगिनींनी तर एवढे जरी विचारले की, आपल्या ठेकेदाराने किमान वेतन वेळेवर दिले काय, तरी पुष्कळ साधेल. अडचणीत सापडलेल्या तरुणाच्या मदतीला कुणीतरी येणारच. ते आपण असू की आपला हेतू लपविणारा दुसरा कुणी, एवढाच प्रश्न आहे.