डोळ्यांना खोटं पाडू नका

परवा आमच्या हापिसात ते चित्र पुन्हा एकदा आलं. मोबाइलवर, अर्थातच. सोबत मजकूर : 'जपानी मेंदूतज्ज्ञाने काढलेलं चित्र. स्थिर दिसलं तर तुम्ही शांत, हळू हललं तर दमलेले, गरगरलं तर प्रचंड ताणाखाली.' झालं! फायली बाजूला आणि टेबलाटेबलावर परीक्षा सुरू. शेजारचा सहकारी घाबराघुबरा, "माझं तर थांबतच नाही रे! प्रेशर तपासून घेऊ काय?"

मंडळी, ते चित्र युक्रेनच्या युरी पेरेपादिया यांनी २०१६ साली संगणकावर काढलं. त्यातला हलण्याचा परिणाम अकियोशी किताओका या जपानी मानसशास्त्रज्ञाच्या कामातून आलेला आहे. ताणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. अफवा काय, रोजच्याच. पण चित्रकाराचं नाव पुसायचं आणि बघणाऱ्याला आजारी ठरवायचं, याचा मला राग येतो.

हा अन्याय जुना आहे. ब्रिजेट रायली या इंग्लिश चित्रकर्तीने १९६१ साली 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स' रंगवलं. काळे-पांढरे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. उंची सगळ्यांची सारखी, रुंदी मात्र कमी कमी होत जाते आणि पुन्हा वाढते. बस्स, एवढंच! तरी सपाट फळा मधोमध दुमडल्यासारखा वाटतो. १९६५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 'द रिस्पॉन्सिव्ह आय' हे प्रदर्शन भरलं. लोकांनी गर्दी केली, आणि अनेक समीक्षकांनी नाकं मुरडली. म्हणे ही नुसती नजरबंदी!

नजरबंदी? जादूगार आपली हातचलाखी लपवतो. इथे लपवलेलं काय आहे? प्रत्येक रेघ उघड्यावर. फूटपट्टी घ्या आणि मोजा, एकही रेघ जागची हललेली नसते. हलतं ते आपलं बघणं. नजर एका ठिपक्यावर रोखली तरी डोळ्यांच्या बारीक हालचाली चालूच असतात. मिळालेल्या खुणांवरून खोली आणि गती यांचा अंदाज मेंदू बांधत असतो. हे काम जन्मभर चालतं, आपल्याला पत्ता नसतो. रायलींच्या चित्रासमोर तो लागतो. जी कला आपलंच बघणं आपल्याला दाखवते तिला फसवणूक म्हणायचं, तर मग प्रामाणिक कशाला म्हणायचं?

त्याच प्रदर्शनाच्या वेळी रायली न्यूयॉर्कला पोचल्या, तर दुकानांच्या काचांमागे त्यांच्याच चित्रांच्या नकला कपड्यांवर झळकत होत्या. परवानगी कुणी विचारली नव्हती. त्यांनी कायद्याचं दार ठोठावलं, पण तिथल्या त्या वेळच्या कायद्यात चित्रकाराला आधार नव्हता. म्हणजे एकाने 'ही कला नव्हे' म्हणून हिणवायचं आणि दुसऱ्याने 'नुसतं डिझाइन' म्हणून उचलून न्यायचं. आमच्या मोबाइलवरच्या चित्राचं वेगळं काय झालं?

"पण त्यात माणूस कुठे आहे?" हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकलाय. व्हेनेझुएलात काराकासजवळ माइकेतियाचा विमानतळ आहे. तिथल्या जमिनीवर कार्लोस क्रूझ-दिएझ यांनी १९७० च्या दशकात रंगीत पट्ट्यांची भूमिती मांडली. चालत जावं तसे रंग बदलल्यासारखे दिसतात. गेल्या दहाएक वर्षांत त्या देशातून ७० लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. विमानतळावरून जाणाऱ्या कितीतरी जणांनी शेवटचा फोटो काढला तो त्या पट्ट्यांवरच्या आपल्या पावलांचा. घराघरातून कुणीतरी परदेशी गेलेल्या आम्हा गोंयकारांना आणखी काय समजावून सांगायचं?

असो. सहकाऱ्याला मी एवढंच म्हटलं, "प्रेशर तपासायचं तर चाळिशी आली म्हणून तपास. चित्र हलतंय, म्हणजे तुझे डोळे आपलं काम करताहेत." तुमच्याकडेही ते चित्र येईलच. पुढे ढकलण्याआधी मिनिटभर नीट बघा. आणि ढकलायचंच असेल तर खाली चित्रकाराचं नाव लिहा.