दोन भाषांचे नागपूर

दिवाळीला भद्रावतीस आलेले पाहुणे विजासनची लेणी पाहतात आणि म्हणतात, "आता नागपूर दाखवा!" आम्ही दीक्षाभूमी, सीताबर्डीचा किल्ला दाखवतो. टाटांची १८७७ सालची एम्प्रेस मिल मात्र दाखवता येत नाही. ती केव्हाच बंद पडली. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी मध्यप्रदेशाची राजधानी. राजधानी भोपाळला गेली, हिंदी इथेच राहिली!

परवा बाजारात आम्ही विचारले, "संत्रे कैसे दिए?" त्यानेही हिंदीतच भाव सांगितला. घासाघीस संपता संपता कळले, गडी काटोलचा, अस्सल मराठी!

"मग मराठीत का नाही बोललात?" आम्ही रागावलो.

"सुरुवात तं तुम्हीच केली, भाऊ!"

पाहुणे हसले. मराठीच्या प्राध्यापकाने निमूटपणे पैसे मोजले.